संसारांतील चार गोष्टी : बंबाच्या जागीं काय आणावें?

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं पहाटे आमच्या घरचा तांब्याचा बंब तळाशीं गळूं लागला. हा बंब मातोश्रींच्या वेळचा. वरच्या नरसाळ्यांतून गार पाणी ओतावें आणि तेवढेंच कढत पाणी तोटीवाटे बादलींत घ्यावें, अशा रीतीनें दोन पिढ्यांचीं अभ्यंगस्नानें त्यानें पार पाडलीं. तो घेऊन मी कसबा पेठेंतील तांबट आळींत गेलों. कारागिरानें तळावर टिचकी मारून पाहिलें व म्हणाला, "गुरुजी, पत्रा कागदासारखा झाला आहे. डाक लावला तरी धरणार नाहीं."

घरीं तीन मतें पडलीं. सौभाग्यवतीचें म्हणणें, नवा बंबच आणावा. चिरंजीवांचें म्हणणें, न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावावा. पाणी तत्काळ मिळतें व खर्चही थोडा. आमच्या आक्का, वय वर्षें ८३, इतकेंच म्हणाल्या, "मला काय, पांचाला पाणी कढत मिळालें म्हणजे झालें." असा प्रसंग अनेक घरीं येत असल्यामुळें आम्ही कोणत्या क्रमानें विचार केला, तो येथें देत आहें.

बंबाविषयीं मलाही ममत्व आहे. परंतु सरपण व करवंट्या रोज कोठून आणावयाच्या? शिवाय शेजारच्या इमारतींतील खिडक्या आतां आमच्या परसाला लागून आल्या आहेत; आपल्या स्नानासाठीं दुसऱ्याच्या घरांत धूर सोडणें बरें नव्हे. म्हणून तें मत सौभाग्यवतीनें आपण होऊन मागें घेतलें.

गॅसच्या गीझरास मात्र मीं स्पष्ट विरोध केला, आणि त्यास कारण आहे. आमच्या नात्यांतील एक महाविद्यालयांत जाणारी मुलगी दोन वर्षांपूर्वीं स्नानास गेली, ती अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. दार फोडून पाहिलें, तों ती मोरींत निपचित पडलेली, झरोका थंडीमुळें घट्ट लावलेला, आणि गीझरची ज्योत तशीच जळत असलेली. रुग्णालयांत वेळेवर प्राणवायु मिळाला म्हणून ती वांचली.

हें कसें घडतें तें समजून घ्यावें. ज्योतीला हवेंतील प्राणवायु लागतो. लहानशा बंद खोलींत तो कमी पडूं लागला, कीं ज्वलन अपुरें होतें व कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूशीं २०० पटींहून अधिक घट्ट बांधलें जातें. मग श्वास चालू असतांही शरीरास प्राणवायु पोंचत नाहीं. डोकें दुखतें, पाय लटपटतात, आणि कडी काढण्याचें त्राण उरत नाहीं. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठांत पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करावयास आपण शिकतों. येथें अग्नि डोळ्यांसमोर असतो आणि धूर मुळींच दिसत नाहीं. तेव्हां अपायही नाहीं, असें अनुमान मनुष्य करतो व फसतो. आपल्या वडीलधाऱ्यांचा बंब परसांत किंवा मोरीच्या बाहेर असे. तोच अग्नि आपण कडी लावलेल्या खोलींत नेऊन ठेविला आहे! ज्यांना गॅसचाच गीझर हवा असेल, त्यांनीं तो उघड्या सज्जांत बसवावा व केवळ पाण्याची नळी आंत घ्यावी. ज्यांच्या न्हाणीघरांत तो आधींच आहे, त्यांनीं तो तेथून हलवावा. तोंपर्यंत दार उघडें ठेवून बादली भरावी, ज्योत विझवावी आणि मगच स्नानास बसावें.

राहिलीं वीज आणि ऊन. स्वतःची गच्ची असेल तर सूर्याच्या उष्णतेसारखें दुसरें साधन नाहीं. चार-पांच माणसांस साधारणतः १०० लिटरची टाकी पुरते. मात्र पावसाळ्यांतील ढगाळ दिवसांसाठीं विजेची जोड लागते, आणि विहिरीचें जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार बसतो. आमचें छप्पर कौलारू, व पूर्वेस उंच इमारत. म्हणून हा मार्ग आम्हांस बंद होता.

विजेच्या गीझराविषयीं थोडें त्रैराशिक करावें. हिवाळ्यांत नळाचें पाणी २० अंशांचें धरूं. स्नानास ४० अंश पुरतात. १५ लिटरची एक बादली एवढी तापविण्यास सुमारें ०.३५ युनिट वीज लागते. म्हणजे सहा माणसांस रोज दोन युनिटांच्या थोडी वर. तत्काळ पाणी देणाऱ्या ३००० वॅटच्या लहान गीझरास अशी एक बादली भरावयास सात मिनिटें लागतात. १५ लिटर सांठवणारा गीझर ६० अंशांपर्यंत तापविला, तर त्यांत तितकेंच गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. २५ लिटरच्या गीझरांतून तीन बादल्या निघून थोडें उरतें. मुलांस व वृद्धांस हें पाणी देतांना बादलींत आधीं गार पाणी घ्यावें. ६० अंशांच्या पाण्यानें कातडी भाजते.

आम्ही २५ लिटरचा, २००० वॅटचा, सांठवणीचा गीझर घेतला. घेतांना तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, त्यावरील तारांची पट्टी. तारे जितके अधिक, तितकी सांठविलेल्या पाण्याची उष्णता कमी वायां जाते. दुसरी, दाब वाढल्यास आपोआप उघडणारी झडप. तिसरी, आंतील मॅग्नेशियमची कांडी. ती स्वतः झिजून टाकीस गंजण्यापासून वांचविते, म्हणून ती वेळोवेळीं तपासून बदलावी लागते. आणि गीझर येण्यापूर्वींच जाणत्या तारतंत्र्याकडून स्वतंत्र जाड तार, चांगलें भूसंयोजन व गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ बसवून घेतली. जुन्या घरांत हा खर्च गीझराच्या किंमतीजवळ जातो. परंतु तो टाळूं नये. ओल्या हातांचें माणूस ज्या खोलींत उभें राहतें, तेथें काटकसर करण्यास जागा नाहीं.

चिरंजीव प्रथम कांहींसे नाराज होते. ती मुलगी संक्रांतीस तिळगूळ द्यावयास आली, तेव्हां त्यांनीं तिला सारी हकीकत पुन्हां विचारली. त्यानंतर हा विषय घरांत निघाला नाहीं. आक्कांना पांचाला कढत पाणी मिळतें. पाण्याला धुराचा वास येत नाहीं, एवढी त्यांची एक तक्रार आहे.