दोन शब्दांचा शेरा

महाराष्ट्राचे माननीय राज्यपाल,
लोकभवन, मलबार हिल, मुंबई यांस

महोदय,

विधानपरिषदेच्या 12 नामनियुक्त जागांचे प्रकरण आपल्या दप्तरी आहेच. प्रास्ताविकाची तसदी आपणांस देत नाही. जून 2020 पासून रिकाम्या असलेल्या या जागांसाठी 6 नोव्हेंबर 2020 रोजी मंत्रिमंडळाने 12 नावे आपल्या पूर्वसुरींकडे धाडली. त्या कागदावर ‘मंजूर’ असा शेरा पडला नाही, ‘नामंजूर’ असाही नाही. वाजवी मुदतीत निर्णय देणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2021 रोजी सांगितले, तेव्हा या मौनास नऊ महिने उलटले होते. पुढे सरकार बदलले, सप्टेंबर 2022 मध्ये ती यादीच मागे घेतली गेली, आणि अखेर 12 पैकी 7 जागा भरल्या त्या 15 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी! मुहूर्त पाहण्यातील हे कौशल्य वंदनीय आहे.

कामाचा व्याप मोठा, अशी समजूत आम्ही करून घेतलीही असती. परंतु 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि मुंबई पुरती जागी होण्यापूर्वी याच वास्तूत शपथविधी उरकला. जून 2022 मध्ये बंडखोर आमदार आमच्या सुरतेत उतरले आणि आठच दिवसांत बहुमत सिद्ध करण्याचे फर्मान सुटले, जे समर्थनीय नव्हते असे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी ठरवले. म्हणजे लेखणीला गती होती. इच्छा मात्र माणूस पाहून होत असे.

गुजरातेत, सुरतेजवळच्या कामरेजच्या माणसाने यात का पडावे? आमचा तालुका 1949 पर्यंत गायकवाडीत, मग 1960 पर्यंत मुंबई राज्यात. आणि 15 सप्टेंबर 2025 रोजी गुजरातच्या राज्यपालांनीच महाराष्ट्राच्या अतिरिक्त कार्यभाराची शपथ घेतली, तेव्हा तापीकाठच्या आम्हा मराठी माणसांना दोन्हीकडे पुन्हा एकच राज्यपाल लाभले. आजोबांच्या पेटीत गायकवाडीतल्या तालुक्याच्या वहिवाटदाराच्या कचेरीतून परत आलेला विहिरीच्या तगाईचा एक अर्ज आहे. कोपऱ्यात ‘नामंजूर’, खाली तारीख, त्याखाली सही. आजोबा तो जपून ठेवीत, कारण नकार हाती पडला की माणूस दुसरे दार ठोठावण्यास मोकळा होतो.

विधेयकांच्या बाबतीत न्यायालय राज्यपालांना मुदत घालून देऊ शकत नाही, असा अभिप्राय घटनापीठाने 20 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. तर मग शिफारस असो वा विधेयक, तीस दिवसांची मुदत आपणच आपणांस घालून घ्यावी. राजभवनाच्या फलकावरील ‘राज’ पुसून ‘लोक’ लिहिण्यास सवड झाली. वहिवाटदारास सुचे तेवढे लिहिण्यासही ती व्हावी.

आपला,
एक कामरेजकर