आधी प्लग काढा!

लोणावळ्याच्या पावसात कपाटांची दारं फुगली, म्हणून सुतारमामांना बोलावलं. ते विजेच्या करवतीच्या टेबलाला फळी सरकवायचा पाट जोडायला बसले, अन् प्लग तसाच! “बटण बंद आहे, वहिनी.” बटणाला धक्का लागायला कितीसा वेळ? मी प्लगच काढला.

पाट पात्याला समांतर सरकायला हवा. पाटावर ठोकळा घट्ट बसवून पात्याच्या खूण केलेल्या दाताला पुढे टेकवायचा; मग तोच दात मागे फिरवून पाट सरकवायचा. दोन्हीकडे सारखा टेकला की बोल्ट आवळायचे. तिरका राहिला तर फळी अडकून अंगावर उसळते. हातमोजे नकोतच, पात्यात ओढले जातात. आणि मैत्रिणींनो, पदर खोचून भुसा झाडायला आपण धावतो ना, ते पातं पुरतं थांबून प्लग निघाल्यावर!