हिंगोलीचा कोरा रकाना

सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील सोळा वर्षांच्या एखाद्या मुलीला तिच्याच प्रियकराने छायाचित्र गावभर पसरविण्याची धमकी दिली, तर त्याची नोंद कोठे होते? ती पोलिसांत गेली तर एक गुन्हा म्हणून. न गेली तर कोठेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सायबर गुन्ह्यांच्या तक्त्यांत फसवणूक, खंडणी, सूड अशा हेतूंना रकाने आहेत, पण छळणारा कालपर्यंत जिवलग होता काय, हे त्यांतून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हिंसेविषयी विचारते, ते मुख्यतः विवाहितेला आणि तिच्या पतीविषयी. मग हिंगोली जिल्ह्यात असे काही घडतच नाही, असे मानणे सर्वांनाच सोयीचे ठरते!

अन्यत्र हे मोजले गेले आहे. अमेरिकेच्या तीन राज्यांतील शाळांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रेमसंबंध असलेल्या मुलामुलींपैकी 26 टक्के जणांनी असा छळ सोसल्याचे सांगितले. स्पेनमध्ये 2015 साली वीस विधानांची प्रश्नपत्रिका सिद्ध झाली. तिच्यात उघड आक्रमण आणि पाळत यांचे माप वेगवेगळे घेतले जाते. परंतु ती मराठीत उतरवून आपले काम भागेल, असे आम्हांस वाटत नाही. ग्रामीण भारतातील 14 ते 18 वर्षांच्या मुलांची 'असर' पाहणी 2023 साली झाली. मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण 19.8 टक्के. म्हणजे बहुतेक मुलींच्या हातातला फोन बापाचा किंवा भावाचा, आणि तो तपासला जाणे हा घरचा रिवाज. अशा मुलीकडे मित्राने पासवर्ड मागितला, तर तिला ती पाळत वाटेलच कशी? ती त्याला काळजी म्हणेल. शिवाय 'तुझे कोणावर प्रेम आहे काय' असे आरंभीच विचारले, की कागद कोराच परत येणार. म्हणून नात्याचे नाव न घेता कृत्यांविषयी विचारावे: उत्तर दिले नाही म्हणून रात्रभर फोन केले काय, मैत्रिणींशी बोलणे बंद करावयास लावले काय, फोटो 'स्टेटस'ला ठेवण्याची धमकी दिली काय. मुलांनाही हेच विचारावे. सोसणारे त्यांच्यातही असतात.

खरी अडचण पुढेच आहे. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या 2012 च्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा कळताच तो पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. नावानिशी दिलेले प्रामाणिक उत्तर शिक्षकाच्या हाती पडले, की प्रकरण ठाण्यात आणि मुलगी बोहल्यावर, ही भीती अनाठायी नाही. राज्यातील 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झाल्याचे 2019-21 च्या पाहणीत दिसले आहे. तेव्हा ही पत्रिका निनावी हवी, आणि ती शाळेने नव्हे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने पाचही तालुक्यांत फिरवावी. मदतीचा 1098 हा क्रमांक तिच्यावर ठळक छापावा. ज्यांची शाळा सुटली त्या मुलींपर्यंतही ती गेली पाहिजे, आणि तेथे गावातला ओळखीचा माणूस न पाठविता परगावची प्रगणक स्त्रीच पाठवावी.