छातीतली धडधड सभेत बोलू या



सभेत भावावर, विजेवर, पीकविम्यावर बोलणे होईलच. त्याआधी एक गोष्ट मांडतो, जी आपण शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसालाही सांगत नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस घरात पडून, बँकेची नोटीस हातात. एका रात्री दचकून उठलो. छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या, श्वास पुरेना. आता आपण जातो असे वाटले. दवाखान्यात कार्डिओग्राम चांगला निघाला. "काही झाले नाही, टेन्शन घेऊ नका," असे सांगून घरी पाठवले. पण धास्ती गेली नाही. सभेला निघताना पोटात गोळा, रात्री दोनला जाग. दुसऱ्याला धीर देणारा माणूस स्वतःच घाबरतो, हे सांगायची लाज वाटली. वर्षभर लपवले. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले, हा चिंतेचा आजार आहे आणि तो बरा होतो.

काळजी कोणाला नसते? मग आजार कधी म्हणायचे? कामगंध सापळ्यात एक पतंग दिसला म्हणून आपण पंप पाठीवर घेत नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतो. तसेच इथे आहे. पाऊस लांबला की जिवाला घोर लागणारच. पण पाऊस पडूनही घोर उतरत नाही, महिनोन् महिने झोप, भूक आणि काम खाल्ले जाते, माणूस बाजारात, लग्नकार्यात जायचे टाळतो, तेव्हा पातळी ओलांडली समजा.

दोन सावधगिऱ्या. छातीत दुखले तर आधी हृदय तपासून घ्या; थायरॉइड आणि रक्तक्षयानेही धडधड होते. आणि फवारणीनंतर घाम, मळमळ, अंधूक दिसणे, धडधड झाली तर ती विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात आपली किती माणसे अशी गेली, हे विसरू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

उपचार दोन आहेत. पहिला बोलण्याचा. भीतीचा विचार पकडायचा, तो खरा किती ते तपासायचे, आणि टाळलेल्या कामाकडे थोडे थोडे परत जायचे. दुसरा गोळ्यांचा. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशा गोळ्या डॉक्टर देतात. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पेरले की दुसऱ्या दिवशी उगवत नाही. त्यांचे व्यसन लागत नाही, पण आपल्या मनाने एकदम बंद करू नका. मेडिकलमधून अल्प्राझोलाम मागून रोज घेणे मात्र घातक. तिची सवय लागते. दारूही तशीच. रात्री झोपवते आणि सकाळी धास्ती दुप्पट करून देते.

जायचे कुठे? गावच्या आशाताईला सांगा. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, त्यात वाशीम होते. शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करण्याचे काम आशाताईंकडे दिले गेले. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. कोणी "आता जगून काय करू" म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध कुलपात टाका.

गोळीने कापसाला भाव मिळणार नाही, कर्जही फिटणार नाही. तो झगडा आपल्याला करायचाच आहे. पण रात्रभर न झोपलेला माणूस तो किती दिवस करील?

या सभेनंतर मी मंडपातच अर्धा तास बसणार आहे. ज्याला बोलायचे असेल त्याने यावे. दवाखान्यात एकटे जायला संकोच वाटत असेल तर मी सोबत येतो.