कापूस मोकळा, पण तराजू कोणाच्या हातीं?

अमेरिकेंत राज्याचा गव्हर्नर रयत आपल्या मतांनीं निवडते. तेथें 1971 सालीं निघालेला लिबर्टेरियन नांवाचा पक्ष आहे. सरकारनें लोकांच्या धंद्यांत हात घालूं नये, हें त्याचें म्हणणें. त्याचे उमेदवार गव्हर्नरपदासाठीं उभे राहतात. आजवर एकही निवडून आला नाहीं.

आमचे राज्यपाल राष्ट्रपति नेमतात. म्हणून असा विचार येथें विधानसभेसाठीं मतें मागतो. शरद जोशी यांनीं 1994 सालीं स्वतंत्र भारत पक्ष काढला. 2004 सालीं त्याचे एकटे वामनराव चटप राजुऱ्याहून निवडून आले.

घनसावंगीच्या शेतकरी बंधूंनो, जोशी खोटें सांगत होते काय? 1972 सालीं सुरू झालेल्या एकाधिकार खरेदींत कापूस तुमचा, घाम तुमचा. पण सरकारखेरीज कोणास विकावयाची बंदी! ह्या बेडीवर बोट ठेवणाऱ्यास आपण मत दिलें नाहीं. जात पाहिली, जेवणावळ पाहिली.

पण आमचाही एक सवाल आहे. सरकार बाजूस झालें म्हणजे तराजू कोणाच्या हातीं जातो? कर्जानें बांधलेला कुणबी सावकार सांगेल त्या भावानें माल टाकतो. त्यास मोकळ्या बाजाराचा काय उपयोग? आणि कुणब्याचा भाव बुडाला कीं सुतार-लोहाराचीही चूल विझते.

तेव्हां मोकळ्या बाजाराच्या नांवानें कोणी मत मागावयास आला, तर त्यास हांकलूं नका. ओट्यावर बसवा व विचारा: “विकण्याची मोकळीक द्याल, ती घेऊं, पण मापांत मारलें, पैसा बुडविला, तर दाद कोठें मागावयाची?” ह्याचें उत्तर देईल, त्यासच मत द्या.