नाडीचा काळा वळ

आमच्या पिढीच्या बायकांच्या कमरेवर परकराच्या नाडीचा काळा वळ असतोच. त्याकडे कोण बघतं! पण परळच्या टाटा हॉस्पिटलातल्या डॉ. खानोलकरांनी बघितलं. धोतर घट्ट आवळून कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल त्यांनी १९४५ साली लिहिलं. पुढे साडी नेसणाऱ्यांतही तो आढळला. रोग नेहमीचाच, स्क्वॅमस पेशींचा. जागा तेवढी वेगळी.

म्हणून माझं म्हणणं, महिनाभर न भरणारी जखम मलमाखाली झाकू नये. अंबरनाथ-बदलापूरहून परळ काही परदेश नाही. तपासणीला तुकडा द्यावा, आणि तो पुरेसा खोल आहे ना, हे डॉक्टरांना विचारावं. चामखिळीसारखा वाढणारा व्हेरुकस प्रकार वरवरच्या तुकड्यात मायक्रोस्कोपखालीही साधाच वाटतो. खरं रूप कळतं तळाशी. आयुष्यभर पेपर तपासले, तेव्हा एवढं नक्की सांगते : पहिलं पान बघून मार्क देता येत नाहीत.

असो. नाडी सैल बांधा, जागा बदलत राहा. आणि घरातल्या आजीला, काकूला आजच विचारा. लाजेपोटी त्या आपणहून सांगायच्या नाहीत.