नोकरी सुटली, धास्ती सुटत नाही

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महाप्रसादाच्या पंगतीतून एका सभासदांचा मुलगा अर्ध्या जेवणातून उठून गेला. शेजारच्या कुणाच्या तरी मोबाइलवर ऑफिसच्या व्हिडिओ कॉलची ठराविक धून वाजली होती, एवढंच निमित्त. पुण्याची नोकरी सोडून इंदूरला परतल्याला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. वडील ओशाळून म्हणाले, "हल्ली जरा चिडचिडा झालाय." पण तो चिडलेला नव्हता, त्याचे हात थरथरत होते. त्याचा वरिष्ठ दोन वर्षं रात्री-अपरात्री कॉल लावून सगळ्या टीमदेखत त्याची लायकी काढत असे, हे घरच्यांना त्यानंतर कळलं. (त्यांना विचारूनच, नाव न देता हे लिहितो आहे.)

कामाच्या ताणाचा विषय दोन-तीन वर्षांपासून सतत बातम्यांत आहे. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या कंपनीत लागून चारच महिने झालेल्या २६ वर्षांच्या सीए मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर फिरलं आणि केंद्रीय कामगार मंत्रालयाला दखल घ्यावी लागली. त्याआधी नारायण मूर्तींचे आठवड्याचे ७० तास गाजले होते, नंतर जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. सगळी चर्चा तासांवरच अडकली. तास महत्त्वाचे आहेतच. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच सांगितलं आहे. पण पंगतीतून उठलेल्या त्या मुलाचं दुखणं तासांत मोजता येत नाही.

आपण सरसकट 'बर्नआउट' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणात तो आजार नाही, नोकरीशी निगडित अवस्था आहे: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा, कामात घसरण. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, वेगळा. त्यात घडून गेलेली गोष्ट पुन्हा आत्ताच घडतेय असं वाटतं, तिची आठवण देणारं सारं माणूस टाळतो आणि धोका टळला तरी शरीर सावधच राहतं. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी हे निदान स्वीकारलं, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. त्यामुळे तिथल्या निकषांत मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार यांचा अनुभव वा धोका लागतो. रुळावर माणूस आलेला पाहणारा इंजिनचालक, दरोड्यात सापडलेला बँकेचा कॅशियर, कोविड वॉर्डातली नर्स यांना ते लागू पडू शकतं. दोन वर्षांचा अपमान मात्र त्या चौकटीत बसत नाही. तरीही कामाच्या जागी छळ झालेल्यांत हीच लक्षणं दिसतात, हे स्वीडनमधले संशोधक हाइन्झ लेमन यांनी १९९०च्या दशकात नोंदवलं होतं. नाव काय द्यायचं, यावर डॉक्टरांत मतभेद असतील, असू देत. घरच्यांसाठी लक्षणं महत्त्वाची.

कारण इथेच आपली चूक होते. निव्वळ थकलेल्या माणसाला रजा, घरचं जेवण, चार दिवस झोप यांनी बरंच बरं वाटतं. म्हणून आपण म्हणतो, "सोड नोकरी, घरी ये." मूल घरी येतं, पण लॅपटॉप उघडत नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, रात्री दचकून उठतं. तीन-चार महिन्यांनी आपलाच सूर बदलतो: "आता किती दिवस असं बसणार?" वरिष्ठाने काढलेली लायकी मग आपण घरात काढू लागतो. टाळाटाळीने ही भीती सुटत नाही, उलट पक्की होते. तिच्यावर मानसोपचाराच्या खास पद्धती आहेत, नुसत्या झोपेच्या गोळ्या पुरत नाहीत.

कायद्याकडून सध्या फार आशा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, मनाचा आजार एकही नाही. जपानमध्ये वरिष्ठाच्या छळातून आलेल्या मनोविकाराला कामाची दुखापत मानून भरपाई मिळू शकते. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल न घेण्याच्या हक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं, पण ते खासगी विधेयक. असं विधेयक दोन्ही सभागृहांत शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली!

हाताशी असलेल्या दोन गोष्टी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीनेच संरक्षण द्यायचं आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. आणि १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं.

तो मुलगा आता उपचार घेतो आहे. त्याच्या आईने घरातल्या सगळ्या मोबाइलच्या धून बदलून घेतल्या होत्या. डॉक्टरांनी त्या हळूहळू पूर्ववत करायला सांगितल्या आहेत.